ड्रायरच्या पॅनलवर १६० आहे, तरी काळ्या हुडीवरची छपाई धुण्यात तडकते. सेटिंग कसं लावायचं?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. नुकताच एक जुना कन्व्हेयर ड्रायर घेतला, म्हणजे छापलेला कपडा फिरत्या पट्ट्यावरून हीटरखालून नेऊन शाई पक्की करणारं मशीन. आधी सगळा माल हीट प्रेसवर पक्का करायचो. ड्रायर आयआर (इन्फ्रारेड) हीटरचा आहे, हीटरखालचा भाग पाच फूट, पट्टा टेफ्लॉन जाळीचा, ब्लोअर (आत हवा खेळवणारा पंखा) नाही. पॅनलवर १६० अंश लावलंय आणि टी-शर्ट साधारण ५० सेकंदांत पलीकडं निघतो.

पांढऱ्या १८० जीएसएमच्या (चौरस मीटरला १८० ग्रॅम) टी-शर्टवर प्लास्टिसोल शाई एकदम व्यवस्थित बसतंय. लातुरात क्लासेसच्या टी-शर्टचं काम बारमाही असतं, त्यात कुठं तक्रार नाही. अडलंय ते हुडीवर. काळी हुडी, ३२० जीएसएम, आतून फर. खाली पांढऱ्या शाईचा थर (बेस), तो फ्लॅश हीटरखाली थोडा सुकवून (फ्लॅश) वर परत पांढऱ्याचा एक हात, म्हणजे दुसरा थर. माल द्यायच्या आधी त्यातली एक घरच्या वॉशिंग मशीनला लावून बघितली, तर अक्षरांच्या कडा तडकल्यात आणि एका ठिकाणी नखानं पापुद्रा निघतोय. ऑर्डर थांबवून ठेवलीय. शिवजयंतीचं काम पण तोंडावर आलंय.

पॅनल १८० करू, की पट्टा हळू करू? का दोन्ही? ज्यांचा ड्रायरवर हात बसलाय त्यांनी सांगावं.

बालाघाट (बीड)

दादा, शाईच्या डब्यावर १६० लिहिलंय म्हणजे १६०. एक मिनिट द्या, झालं. आमच्याकडं कायम हेच सेटिंग आहे.

वाळूज_छपाई (छ. संभाजीनगर)

बालाघाट भाऊ, तुमच्या मशीनवर ते बरोबर असेल, पण लातूरच्या दादांनी तेच उचलून लावलं तर परत तडकेल. डब्यावरचे १६० अंश शाईचे असतात. पॅनलवरचे १६० अंश त्या ड्रायरचा सेन्सर जिथं बसवलाय तिथले असतात. सेन्सर हीटरला चिकटून असेल तर आकडा एक, पट्ट्याजवळ असेल तर दुसरा. आमच्याकडं दोन ड्रायर आहेत. एकावर शाईत १६० यायला पॅनल बरंच वर ठेवावं लागतं, दुसऱ्यावर त्याहून खूप कमी. दोन्हींवर माल सारखाच पक्का निघतो.

शाईत नेमकं काय होतं ते आधी सांगतो, मग सेटिंगचं बोलू. प्लास्टिसोलमध्ये पाणी नसतं. पीव्हीसीची बारीक पावडर प्लास्टिसायझरमध्ये कालवलेली असते. उष्णता लागली की पावडर ते प्लास्टिसायझर पिऊन फुगते. साधारण ८० ते १२० अंशांच्या दरम्यान शाई जेल होते, हाताला लागायची थांबते. फ्लॅशखाली आपण एवढंच करतो. या अवस्थेत कण नुसते एकमेकांना टेकलेले असतात. १६० च्या आसपास गेल्यावर ते वितळून एकजीव होतात, आणि छपाईला खरी ताकद तेव्हा येते. लो-क्युअर (कमी तापमानाला पक्की होणारी) शाई हेच काम १३० ते १३८ च्या दरम्यान करते. त्यामुळं बाहेर निघालेली छपाई बोटाला कोरडी लागली, यावर अजिबात भरवसा ठेवायचा नाही.

दुसरं, हे तापमान शाईच्या तळाला पोचलं पाहिजे, जिथं ती धाग्यात रुतलेली असते. आयआर वरून तापवतो, म्हणजे वरचा पदर आधी क्युअर (पक्का) होतो. त्यात पांढरी शाई उष्णता परत फेकते आणि काळी शाई ओढून घेते, म्हणून एकाच सेटिंगवर काळी छपाई लवकर पक्की होते नि पांढरी मागं राहते. तुमच्याकडं पांढऱ्याचे दोन थर आणि खाली जाड फर. तळ कच्चा राहिलाय. अशा वेळी पट्टा तसाच ठेवून नुसतं पॅनल वाढवलं, तर तवा जास्त तापल्यावर भाकरीचं जे होतं तेच होईल, वरून करपेल आणि आत पिठाळ.

म्हणून आधी पट्टा. स्पीडच्या बटणावरचे आकडे सोडून द्या. कापडाचा तुकडा पट्ट्यावर ठेवा, पहिल्या हीटरखाली शिरल्यापासून शेवटच्या हीटरखालून निघेपर्यंत मोबाइलवर वेळ लावा. पाच फुटांचा हीटर आणि ६० सेकंद म्हणजे मिनिटाला पाच फूट. ७५ सेकंद पाहिजे असतील तर मिनिटाला चार फूट. ड्रायरच्या तोंडापासून बाहेरच्या टोकापर्यंतचा वेळ धरू नका, हीटर नसलेला पट्टा काही पक्कं करत नाही.

आणि मग मोजमाप. के टाइप थर्मोकपलचा साधा डिजिटल थर्मामीटर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. सोबत उघड्या टोकाची पातळ आणि लांब वायर घ्या, ड्रायरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरेल अशी. ओल्या छपाईत टोक दाबायचं, वायर उष्णता सोसणाऱ्या टेपनं कपड्याला चिकटवायची आणि कपडा पट्ट्यावर सोडायचा. वायर शाईच्या आत पाहिजे, वर तरंगत राहिली तर हवेचं तापमान दाखवेल. दर १० सेकंदांनी आकडा लिहून काढा आणि इथं टाका.

बालाघाट (बीड)

आमच्याकडं लाल ठिपक्याची टेंपरेचर गन आहे. माल बाहेर निघाला की १५५-१६० दिसतं. ती चालत नाही का?

वाळूज_छपाई (छ. संभाजीनगर)

चालते, पण तिचं काम वेगळं. गन फक्त वरचा पृष्ठभाग वाचते. जाड पांढऱ्याच्या तळाला काय चाललंय ते तिला दिसत नाही. लाल ठिपका एवढुसा असला तरी ती मोठं वर्तुळ मोजत असते. गनवर १२:१ लिहिलं असेल तर फूटभरावरून एक इंचाचं वर्तुळ, चार फुटांवरून चार इंचांचं. बारीक अक्षरं असतील तर त्यात निम्मा कपडाच येतो. ड्रायरच्या बोगद्याच्या तोंडातून आत रोखली तर शाईवरून परत येणारी हीटरची उष्णता पण त्यात मिसळते. आणि बाहेर निघालेला कपडा क्षणाक्षणाला थंड होत असतो, हात दोन सेकंद उशिरा पोचला की आकडा खाली.

प्रोबनं (थर्मोकपलच्या वायरनं) एकदा सेटिंग बसवा, त्याच वेळी गनचा आकडा पण टिपून ठेवा. मग रोज सकाळी गन मारून कालच्यासारखंच आहे का तेवढं बघायचं. त्यासाठी ती उत्तम. तापमानाला काळ्या होणाऱ्या चिकटपट्ट्या मिळतात त्या पण ठेवा, पट्ट्याच्या डाव्या कडेला, मध्ये आणि उजव्या कडेला एकेक चिकटवली की ड्रायर कुठं थंड आहे ते लगेच कळतं.

हीटरवाला (जालना)

मी छपाईतला नाही, एमआयडीसीत हीटर-पॅनलची कामं करतो. एक गोष्ट इथं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं कमी होते. २३० व्होल्टला ९ किलोवॅट देणारा हीटर २०० व्होल्टला ६.८ किलोवॅटवर येतो. व्होल्टेज १३ टक्के पडलं, उष्णता चौथा हिस्सा गेली. आपल्याकडं गावठाण लाइनवर संध्याकाळी काय व्होल्टेज असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. दुपारी बसवलेलं सेटिंग रात्रीच्या पाळीत तसंच निघेल याची खात्री नाही. पॅनलवर तापमानाऐवजी नुसते टक्के असतील, तर ड्रायरला घसरण कळत पण नाही. तापमानाचा कंट्रोलर असेल तर तो हीटर सतत चालू ठेवून भरून काढतो, पण तेवढी ताकद शिल्लक असेल तरच. माल भरपूर टाकला की मागं पडतो.

दुसरं थ्री फेजचं. एक फेज गेली तर हीटरचा एक संच गप्प बसतो, पट्टा मात्र चालू राहतो. सेन्सर ज्या संचाजवळ आहे तो चालू असला की पॅनल खुशाल १६० दाखवत राहतो. काम सुरू करायच्या आधी क्लॅम्प मीटरनं तिन्ही फेजचा करंट बघायची सवय लावा. तिन्ही सारखे आले पाहिजेत. रॉड जळाली असेल तरी इथंच सापडते. मात्र पॅनल उघडायचं काम माहितगार माणसाकडूनच करून घ्या.

आणि उन्हाळ्यात कूलर. दुकानात ४२ अंश असतात, माणसं कूलर लावणारच, पण त्याचं तोंड ड्रायरच्या तोंडाकडं नको. गार आणि ओलसर हवा थेट बोगद्यात शिरते. मी असे दोन-तीन ड्रायर बघितलेत की हीटर बदलायला बोलावलं आणि हीटरला काहीच झालेलं नव्हतं. कूलर कोपऱ्यात वळवला आणि काम झालं.

छपाईताई (परभणी)

हीटरवाले काका, खूप उपयोगाचं लिहिलंत. आमचा ड्रायर दाराशेजारी आहे. हिवाळ्यात सकाळी दार उघडं ठेवलं की पहिला गठ्ठा कच्चा निघतो, त्याचं कारण आत्ता लक्षात आलं.

मांजराकाठ (लातूर)

मंडळी, सगळ्यांचे आभार. थर्मोकपल आणला. काकांनी सांगितलं तसं आमच्या वायरमनला बोलावून आधी करंट बघितला. उजव्या कडेची एक रॉड बंद निघाली, ती बदलली. मग ड्रायर अर्धा तास तापू दिला आणि पॅनल १६० वरच ठेवून मोजलं.

पांढरा टी-शर्ट, ५० सेकंद: बाहेर निघताना शाईत १५९.

काळी हुडी, तेच ५० सेकंद: १० ला ४६, २० ला ७१, ३० ला ९२, ४० ला ९९, ५० ला १२६. बाहेर.

हुडीचा आकडा बघून सगळा उलगडा झाला. शाई जेलच्या जरा पुढं गेली होती, एवढंच. मग पट्टा ८० सेकंदांवर आणला. पहिले पन्नास सेकंद तसेच, पुढं ६० ला १४१, ७० ला १५२, ८० ला १६१. कपडा कुठं पिवळा-तपकिरी पडला नाही.

एक कळलं नाही. ३० ते ४० सेकंदांच्या मध्ये आकडा जवळपास अडकूनच बसतो. टी-शर्टला पण अडकला, पण थोडाच वेळ. मीटर बिघडलाय का?

वाळूज_छपाई (छ. संभाजीनगर)

मीटर ठीक आहे दादा. ते कापडातलं पाणी आहे. सुती कापड हाताला कोरडं लागलं तरी साध्या हवेत वजनाच्या सात-आठ टक्के ओल धरून असतं. अर्धा किलोच्या हुडीत ३५-४० ग्रॅम पाणी झालं. ते उडून जाईपर्यंत सगळी उष्णता त्यातच खर्च होते आणि तापमान शंभराच्या आसपास रेंगाळतं. पाणी संपलं की भराभर चढतं. जितका जाड कपडा तितकी ही पायरी लांब.

हे इतक्या तपशिलात सांगतोय कारण आपला सगळ्यात मोठा हंगाम भर पावसाळ्यात येतो. गणपती मंडळांचे टी-शर्ट आपण भाद्रपदाच्या आधी, दमट हवेत छापतो आणि सेटिंग मात्र मे महिन्यातलंच असतं. मे मध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की कापडात ओल फारशी राहतच नाही. त्याच पट्ट्यावर ऑगस्टमध्ये माल कच्चा निघाला तर दोष शाईला जातो. पावसाळा लागला की एकदा परत प्रोब लावाच. गठ्ठे फरशीवर ठेवू नका, फळीवर ठेवा. फारच ओल असेल तर कोरा कपडा छपाईआधी एकदा ड्रायरमधून काढून घ्या.

तुमचं ८० सेकंदांचं सेटिंग चांगलं आहे, पण मोजलंत एका हुडीवर. आता पट्टा भरून माल सोडा आणि मधल्या हुडीत प्रोब ठेवा. पूर्ण भरल्यावर आकडा उतरतो. आणि हे सेटिंग टी-शर्टला लावू नका. पातळ कपडा ८० सेकंदांत पिवळा पडेल.

बालाघाट (बीड)

पट्टा एवढा हळू केला तर तासाला माल किती निघणार? ऑर्डरच्या गर्दीत कसं करायचं? सेटिंग तेच ठेवून दोनदा फिरवलं तर जमणार नाही का?

वाळूज_छपाई (छ. संभाजीनगर)

भाऊ, दोनदा फिरवून तापमानाची बेरीज होत नाही. पहिल्या फेरीत शाई १२६ ला जाऊन बाहेर आली, टेबलावर थंड झाली, दुसऱ्या फेरीत परत खालून सुरुवात. ओल आधीच गेल्यामुळं या वेळी थोडी वर चढेल, १४० जाईल, कदाचित १५० जाईल, पण १६० ला पोचलीच हे प्रोब लावल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. वर वीज दुप्पट, माणूस दुप्पट, कपडा आखडतो तो वेगळाच. त्यापेक्षा पट्टा हळू करून एकदाच काढणं स्वस्त पडतं.

माल वाढवायचा असेल तर हुडी पट्ट्यावर जवळजवळ लावा, बाही छपाईवर येऊ देऊ नका, चुण्या काढा. चुणी वर उचललेली असली की ती हीटरच्या जवळ जाते आणि नेमकी तिथंच करपते. फ्लॅश पण तपासा. बेस गरजेपेक्षा जास्त वेळ फ्लॅश केला तर तो आधीच पुढं जातो आणि वरचा हात त्याला नीट धरत नाही. मग पापुद्रा निघतो, आणि कितीही मोठा ड्रायर असला तरी तो पापुद्रा बसत नाही. मांजराकाठ दादा, नखानं निघालेला तुकडा बघा. खालचा पांढरा कपड्यावर राहून नुसता वरचा निघाला असेल तर फ्लॅशचा वेळ कमी करा. दोन्ही निघाले असतील तर क्युअरचं दुखणं.

तपासणी माल पूर्ण थंड झाल्यावरच करा. गरम प्लास्टिसोल लवचिकच लागते. दोन्ही अंगठे छपाईच्या दोन बाजूंना ठेवून कपडा ताणा आणि सोडा. तडा जाऊन तसाच उघडा राहिला तर कच्ची. हे सोपं आहे, पण जाड छपाईचा वरचा पदर पक्का असला की ही चाचणी फसवते. त्यासाठी पांढऱ्या चिंधीवर इथाइल ॲसिटेटचे थेंब टाकून छपाईवर थोडा वेळ दाबून ठेवा. रंग चिंधीला लागला किंवा शाई चिकट झाली तर पक्की झालेली नाही. हे काम ड्रायरपासून लांब, हवेशीर जागी. ते पटकन पेट घेतं. शेवटचा निकाल मात्र धुण्याचाच, गरम पाण्यात पाच-सहा वेळा.

छपाईताई (परभणी)

आमचं बहुतेक काम वॉटरबेस पिगमेंटचं (पाण्यात कालवलेल्या शाईचं) आहे, शाळांचे पीटी टी-शर्ट आणि दिंडीचे. ड्रायर दादांसारखाच, ब्लोअर नसलेला, जरा लांब. धुतल्यावर रंग फिका पडतो, तडकत नाही. आम्हाला पण हेच १६० लागू होतं का?

गोदाकाठ (नांदेड)

ताई, आमचं पण वॉटरबेसच. तापमान साधारण तेच, १५० ते १६०, पण वेळ वेगळा. प्लास्टिसोल तळापर्यंत तापमानाला पोचली की काम झालं. वॉटरबेसमध्ये आधी शाईतलं पाणी पूर्ण गेलं पाहिजे, आणि त्यानंतर बाइंडरला (रंग कापडाला धरून ठेवणाऱ्या घटकाला) त्या तापमानात राहायला वेळ मिळाला पाहिजे. दोन ते तीन मिनिटं धरा. तुमच्या ड्रायरमध्ये हवा खेळत नाही, त्यामुळं वाफ छपाईवरच घोटाळत राहते आणि निम्मा वेळ सुकण्यातच जातो. वॉटरबेसला ब्लोअरचा ड्रायर का घेतात त्याचं कारण हेच.

ब्लोअर नसताना आम्ही छापलेला माल आधी दोरीवर पूर्ण सुकवतो. ऊन आपल्याकडं भरपूर आहे, त्याचा फायदा घ्यायचा. हाताला अजिबात ओल लागली नाही की मग ड्रायरमध्ये, पट्टा सगळ्यात हळू. इथं मात्र दोनदा फिरवलं तरी चालतं, कारण पहिली फेरी सुकवण्याची आणि दुसरी पक्कं करण्याची. बालाघाट भाऊंना वाळूजकरांनी सांगितलं ते प्लास्टिसोलपुरतं.

शाईत फिक्सर (रंग पक्का करणारं रसायन) टाकत असाल तर टाकलेली शाई त्याच दिवशी संपवा, रात्री डब्यात ठेवून दुसऱ्या दिवशी वापरू नका. आणि कुणी डिस्चार्ज (कपड्याचा मूळ रंग उडवणारी शाई) छापत असेल तर ड्रायरवर धुराडं पाहिजेच. त्यातून फॉर्मल्डिहाइड निघतं, डोळे चुरचुरतात. बंद गाळ्यात ते काम करूच नका, आपली पोरं तिथं दिवसभर उभी असतात.

छपाईताई (परभणी)

दादा, आम्ही ओला माल थेट ड्रायरमध्ये घालत होतो. उद्यापासून दोरी बांधते. एक्झॉस्ट पण बसवून घेते, साध्या शाईचा वास पण दिवसभर डोक्यात जातो.

मांजराकाठ (लातूर)

हुडीचा निकाल: भरलेल्या पट्ट्यावर मधल्या हुडीला ८० सेकंदांत १५४ आले, म्हणून ८८ सेकंद केले, आता १६० येतात. पापुद्रा बघितला, दोन्ही पांढरे सोबत निघाले होते, म्हणजे फ्लॅश ठीक होता. नव्या सेटिंगची हुडी गरम पाण्यात सहा वेळा धुतली, अक्षरं जशीच्या तशी. आधीचा सगळा लॉट परत ड्रायरमधून काढतोय, ८८ वरच, आणि त्यातल्या पण दोन-तीन धुऊन बघणार. ड्रायरवर कागद चिकटवलाय: कपडा, जीएसएम, शाई, सेकंद, पॅनल, प्रोबचा आकडा, गनचा आकडा. कामावरच्या पोरांना पण तोच बघून लावायला सांगितलंय.

आता क्रिकेट टूर्नामेंटच्या जर्सी आल्यात. लाल पॉलिस्टर, पांढरे नंबर. कागदावर पुढची ओळ काय लिहू?

शेंद्रा_जर्सी (छ. संभाजीनगर)

दादा, तिथं १६० लिहू नका. पॉलिस्टरचा रंग डिस्पर्स डायचा असतो, जास्त उष्णतेत तो वायू होऊन वरच्या शाईत शिरतो. लाल आणि मरून सगळ्यात वाईट. ड्रायरमधून नंबर पांढरेशुभ्र निघतात आणि दोन दिवसांनी गुलाबी होतात, तोवर माल मैदानावर पोचलेला असतो. पॉलिस्टरसाठीची लो-ब्लीड (कपड्याचा रंग वर येऊ न देणारी), लो-क्युअर पांढरी घ्या, गरज वाटली तर खाली करड्या रंगाचा ब्लॉकर, म्हणजे रंग अडवणारा थर. शाईत १३० ते १३५, किंवा त्या डब्यावर असेल तेवढंच, त्याच्या वर पाच अंश पण नको. जर्सी पातळ असते, झपकन तापते, म्हणून पट्टा हळू न करता पॅनल खाली आणा आणि प्रोब लावून बघा.

बाहेर निघालेल्या जर्सी गरम असताना एकावर एक रचू नका, खोक्यात तर भरूच नका. गठ्ठ्याच्या पोटात उष्णता बराच वेळ टिकते आणि रंग तिथं चढत राहतो. पट्ट्याच्या टोकाला पंखा लावा, थंड झाल्यावर घडी. आधी एकच जर्सी छापून दोन-तीन दिवस ठेवा, नंबर पांढरा राहिला तरच लॉट लावा.